गोऱ्यांची छावणी

वैजिनाथ आप्पा मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास झाले, ही गोष्ट अख्ख्या कडा गावात फक्त दोघांना माहीत होती. एक आप्पा स्वतः आणि दुसरी त्यांची बायको शिवगंगा. तिलासुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तोवर पोरगी पदरात होती, मग काय करते बिचारी! आता तुम्हाला सांगितली आहे, तर जरा पोटात ठेवा. कारण ह्याच माणसानं एका उन्हाळ्यात दीडशे लोकांना बावन्न भागांची इंग्रजी मालिका मराठीतून समजावून सांगितली होती. रोज, न चुकता. आणि लोकांनी कानात जीव आणून ती ऐकली होती.

तो सत्त्याऐंशीचा उन्हाळा. पावसानं ओळीनं दोन वर्षं दगा दिलेला. शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. सोसायटीनं कारखान्याशेजारच्या मोकळ्या माळावर जनावरांची छावणी घातली. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं बैलं, गाई, कालवडी घेऊन आली आणि तिथंच राहिली. बायका-पोरं घरी, गडी माणसं छावणीत. सकाळी पाण्याचा टँकर, दुपारी उसाचं वाढं, सांजच्याला पेंड. वैजिनाथ तेव्हा सोसायटीत कारकून. कुणाची किती जनावरं, कुणाला किती चारा, हे बघायचं काम त्याच्याकडं. पण मधल्या वेळात रिकाम्या माणसांनी करायचं काय? भांडायचं! टँकरवर भांडण, दावणीच्या जागेवरून भांडण, तुझ्या बैलानं माझ्या गाईला शिंग मारलं म्हणून भांडण.

सोसायटीचे चेरमन उत्तरेश्वरराव वैतागून गेले. त्यांच्या मेहुण्यानं आखातातून येताना व्हिडिओ आणि कॅसेटींची एक पेटी आणलेली होती. चेरमननी ते सगळं आणि घरचा काळा-पांढरा टीव्ही छावणीत आणून मांडला. म्हणाले, "बघा काय बघायचं ते, पण एकमेकांची डोकी फोडू नका."

पेटीत एकच मालिका निघाली. अमेरिकेतली. डोक्यावर रुंद टोप्या, ढुंगणाखाली घोडा, कमरेला पिस्तूल आणि जिकडं बघावं तिकडं गाईंचे कळप. सगळी बोलणी इंग्रजीत. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत लोक ओरडायला लागले, "कावून मारतोय त्यो त्याला? काय म्हणतोय?" चेरमननी मान वळवली. "वैजिनाथ, तू बीडला शिकलास न्हाई का? सांग की ह्यांना."

तेव्हा खरं बोलायला काय झालं होतं? येत नाही म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तिशीतला कारकून, खिशाला पेन, समोर दीडशे माणसं. वैजिनाथ म्हणाला, "सांगतो की! त्यात काय!"

आणि बसला टीव्हीशेजारी खुर्ची टाकून.

माणसांच्या तोंडाकडं बघायचं आणि ठोकून द्यायचं, असा त्याचा खाक्या. गोऱ्यांची नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं ती बदलूनच टाकली. एक थोरला, एक धाकला, त्यांची म्हातारी, एक फौजदार, एक शिंपी. हा शिंपी काळ्या कोटातला लांबुडका माणूस होता आणि दर दोन-चार भागांनी कुणाच्या तरी अंगाला फीत लावून माप घ्यायचा. लोक ह्या मालिकेला 'गोऱ्यांची छावणी' म्हणायला लागले. का नाही म्हणणार? तिथंही दुष्काळ, तिथंही पाण्यावरून मारामाऱ्या आणि तिथंही जनावरांमागं जीव काढणारी माणसं.

छावणीतल्या लोकांना पिस्तुलांचं काही कौतुक नव्हतं. त्यांचे डोळे जनावरांवर. "आरं, ह्या गाईला वशिंडच न्हाई! जू कुठं ठिवत असतील?" "एवढ्या शंभर गाई, पण चरवी घेऊन बसलेलं एक माणूस दिसंना. दूध काढतंय कोन?" एक जण तर घोड्यावरून गाई पळवणाऱ्या त्या टोपीवाल्यांवर असा काही चिडायचा की उठून टीव्हीला शिव्या घालायचा. "गाभण गाय पळवतोय भाड्या! तुला बापानं हेच शिकिवलं का?" वैजिनाथ त्याला शांत करायचा. म्हणायचा, "पुढच्या भागात त्याला दंड होणार हाय." पुढच्या भागात काय होणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. पण कुठं ना कुठं कुणीतरी कुणाला तरी कोंडायचंच, आणि मग वैजिनाथ बोट दाखवायचा, "बघा, म्हटलं नव्हतं?"

त्या छावणीत दोन भाऊ होते. जवळच्याच वाडीवरचे. थोरला राधाकिशन, धाकटा सुंदरराव. दोघांत एक विहीर. पाण्याच्या पाळीवरून त्यांचं असं काही बिनसलं होतं की तीन वर्षं एकमेकांशी बोलणं नाही, एकमेकांच्या दारात पाय नाही. छावणीतही दोघांच्या दावणी दोन टोकांना. मालिका बघायला सुंदरराव सगळ्यांत पुढं बसायचा, टीव्हीला नाक लागेल इतका, कारण राधाकिशन मागं बसायचा.

आणि मग तेविसावा भाग आला.

मालिकेतले थोरला आणि धाकला तोवर असेच एकमेकांच्या जिवावर उठले होते. धाकल्यानं ओढ्याला काटेरी तार घातलेली, थोरल्याची जनावरं तारेपलीकडं जिभा काढून उभी. थोरला पक्कड घेऊन तार तोडायला आला. धाकल्यानं पिस्तूल काढलं. थोरल्यानं हसून हात पुढं केला. धाकल्यानं गोळी घातली. थोरला ओढ्यात पडला तो उठलाच नाही.

हे समजायला कुणाला इंग्रजी यावं लागतं? वैजिनाथला लख्ख कळलं. पण त्याच घटकेला त्याची नजर समोर गेली. पुढं सुंदरराव बसलेला, मागं राधाकिशन. सगळी छावणी ह्या दोघांकडं चोरून बघायला लागलेली. वैजिनाथनं घाईघाईनं तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलत सुटला.

"धाकल्यानं तारेवर गोळी मारली! तार तुटली! अन् ती बघा जनावरं पाण्यावर निघाली! थोरल्याला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की त्यानं कपड्यासकट पाण्यात उडीच घातली!"

एवढं बोलून त्यानं पुढं रडारड सुरू व्हायच्या आत बटण दाबून टाकलं. "झाला आजचा भाग. चला, पेंड घ्यायला."

टीव्ही लहान, विजेचा दाब कमी, चित्रात मुंग्या, आणि सांगणाऱ्यावर लोकांचा भरवसा. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला, तेव्हा सुंदररावचा नंबर आधी होता. त्यानं आपली जनावरं बाजूला ओढली आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "दादा, आधी तुमची पाजा."

राधाकिशन तिथंच ढसाढसा रडला. छावणी उठल्यावर दोघांनी पाण्याच्या पाळ्या बसून वाटून घेतल्या आणि पुढं कधी वाद घातला नाही. म्हणजे घातला, भावाभावांत घालतात तेवढा. वैजिनाथनं मात्र पुढचे एकोणतीस भाग नाकीनऊ येऊन काढले. मेलेला थोरला परत आणायचा कुठून? "त्यो वरच्या कुरणात जनावरं घिऊन गेलाय," असं सांगत सांगत त्यानं उन्हाळा रेटला.

आता ह्या सगळ्याला सदतीस वर्षं झाली. वैजिनाथचा आप्पा झाला, सोसायटीतून रिटायर झाला, कपाळाला विभूती लावून किराणा दुकानात बसायला लागला, आणि अलीकडं तेही मुलीच्या दटावण्यामुळं सोडलं. मुलगी गंगासागर बीडला शाळेत शिकवते. तिनं बापाला भिंतीएवढा टीव्ही घेऊन दिला आणि एक दिवस नेटवर ती मालिकाही शोधून दिली. बावन्नच्या बावन्न भाग, रंगीत आणि सगळी बोलणी हिंदीत! तिला वाटलं, बाप खूश होईल. लहानपणापासून ऐकत आली होती ना, आमच्या आप्पांनी छावणी गाजवली म्हणून.

बाप खूश झालाही. पण दुसऱ्याच दिवशी राधाकिशन दारात हजर झाला. खबर कुणी दिली देव जाणे. पुतण्यानं, सुंदररावच्या भारतनं, त्याला मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं.

"गोऱ्यांची छावणी लावलीस म्हनं?"

"लावली," आप्पा म्हणाले.

"मंग मला न्हाई बोलावलंस, बे? पहिल्यापासनं बघू. रोज एक भाग. घाई न्हाई करायची." काठी भिंतीला लावून तो बसला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "सुंदर गेल्यापासनं मला त्यो तार तोडायचा भाग लई बघावा वाटतोय."

सुंदरराव मागच्या मार्गशीर्षात गेला होता.

त्या दिवसापासून आप्पांच्या जिवाला घोर लागला. सकाळ बरी जायची. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत आप्पांच्या सकाळी एवढ्या मजेत गेल्या नव्हत्या. यंदाही पावसानं पाठ फिरवलेली, शेताकडं जाऊन करायचं काही नाही. दहाला राधाकिशन यायचा, शिवगंगा चहा आणि फुटाणे आणून ठेवायची, पंखा कुरकुरत फिरायचा. दोघं म्हातारे जुन्या ओळखीच्या माणसांना भेटावं तसे त्या गोऱ्यांना भेटायचे.

"म्हातारी आली बघ! अजून तशीच हाय."

"तिला काय धाड भरलीय? सिनेमात हाय ती."

आणि रोज कुठं ना कुठं आप्पांचं पितळ उघडं पडायचं. चौथ्या भागात तो शिंपी आला. आता हिंदीत साफ कळलं की तो शिंपी नव्हताच. मेलेल्या माणसांसाठी पेट्या करणारा सुतार होता आणि फितीनं मापं घेत होता ती पेटीची. राधाकिशन आप्पांकडं वळला.

"वैजिनाथ, ह्यो तर शिंपी व्हता की."

"हिंदीवाल्यांनी बदललं असंल," आप्पा म्हणाले आणि फुटाण्यांची ताटली पुढं सरकवली.

"कायबी करत्यात," राधाकिशननं मान हलवली. "शिंपीच बरा व्हता."

स्वयंपाकघरात शिवगंगा पदर तोंडात कोंबून हसायची. पण एकविसावा भाग झाला आणि तिचंही हसू कमी झालं. "सांगून टाका की एकदाचं," ती म्हणाली.

"काय सांगू? आपल्या दोस्ताला काय सांगू? की तुझा भाऊ ज्या गोष्टीवर विरघळला ती मी पदरची घातली? मूळ गोष्टीत धाकल्यानं थोरल्याचा मुडदा पाडलाय? त्याच्या मनात भावाची एक आठवण हाय, तीच एक जिवाला लागलेली, तिच्यावर बोळा फिरवू?"

"मग नका सांगू. पण परवा तेविसावा हाय."

आप्पांनी काय काय केलं नाही! एक दिवस नेट नाही म्हणून सांगितलं. एक दिवस एकविसावा भाग दुसऱ्यांदा लावला. राधाकिशन दोन मिनिटांत ओळखून म्हणाला, "ह्यो काल झाला की, बे. म्हातारा झालास तू." एक दिवस अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले, तर राधाकिशन पायाशी बसून राहिला आणि जाताना म्हणाला, "बरा हो. उद्या केसरबाईला आणतो. तिनं छावणी बघितलेली न्हाई. सुंदर तिला जलमभर सांगायचा त्या भागाचं."

केसरबाई म्हणजे सुंदररावची बायको. झालं! एकाला चुकवावं तर दुसरी निघाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. इस्त्रीचं लुगडं, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. थोरल्या दिरासमोर तिनं उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की त्याच्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. सत्तरीला टेकली तरी रीत ती रीत. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शिवगंगेजवळ बसली, दिराकडं अर्धी पाठ करून, टीव्ही दिसेल अशी.

आप्पांनी भाग लावला. ओढा आला, तार आली, जिभा काढलेली जनावरं आली. राधाकिशन पुढं सरकला.

"आता बघ केसरबाईला म्हणावं," तो शिवगंगेला म्हणाला. "आता त्यो तारेवर गोळी मारतोय."

धाकल्यानं पिस्तूल काढलं. आप्पांनी घसा साफ केला आणि जुन्या सवयीनं सुरुवात केली, "धाकल्यानं तारेवर..."

पण टीव्ही भिंतीएवढा. गोळी सुटली, थोरल्याचा पांढरा सदरा लाल झाला, तो ओढ्यात पडला आणि पाण्यालाही रंग चढला. धाकला गुडघ्यावर बसून हिंदीत किंचाळला, "भैया!" तो शिंपी, म्हणजे सुतार, फीत घेऊन आला. मग खड्डा, मग माती, मग म्हातारीचं रडणं. सगळं शेवटापर्यंत दिसलं. बटण दाबायचंही आप्पांना सुचलं नाही.



"राधाकिशन," आप्पा म्हणाले. "हिंदीवाल्यांनी न्हाई बदललं. मी बदललं व्हतं. मला इंग्रजी येत न्हाई. तवाबी येत नव्हतं. पण हे मला तवाच कळलं व्हतं, अन् तुमी दोघं समोर व्हतात. माझ्यानं बोलवेना. खोटं बोललो मी. सदतीस वर्षं खोटं बोललो. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

राधाकिशन टीव्हीकडंच बघत राहिला. त्याची हनुवटी हलत होती. आप्पांना वाटलं, आता हा उठेल, काठी घेईल आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाही.

तेवढ्यात उंबऱ्यावरून केसरबाई बोलली. बोलली शिवगंगेशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शिवगंगाबाई, ह्यांना ठावं व्हतं."

"कुणाला?" शिवगंगेनं विचारलं.

"भारतच्या बापाला. ते सगळ्यांत पुढं बसले व्हते न्हवं. त्यांनी गोळी लागल्याली बघितली. छावणी उठल्यावर घरी आले त्याच दिवशी मला सांगितलं. म्हनले, धाकल्यानं थोरल्याला ठार मारलं, केसर. मी डोळ्यांनी बघितलं. अन् वैजिनाथनं माझ्याकडं बघितलं आन् सगळ्या लोकांत खोटं सांगितलं. परक्या माणसानं माझी लाज झाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रातभर विचार केला, माझ्या हातनं असंच काई व्हायचं बाकी राहिलंय का? सकाळी उठलो अन् दादाच्या जनावरांना वाट दिली."

आप्पांनी तोंड झाकून घेतलं. केसरबाईनं पदराचं टोक डोळ्याला लावलं, पण थांबली नाही. इतक्या वर्षांचं बोलणं ते, थांबणार कसं?

"मी म्हनलं, मंग दादांना सांगा की. तर म्हनले, न्हाई. दादाला वाटतंय थोरला जिता हाय, वरच्या कुरणात गेलाय. वाटू दे. त्याला कवाच सांगू नको."

राधाकिशनच्या डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीत उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मधेच तो हसला. मग पुन्हा रडला. "लबाड," तो म्हणाला, "लई लबाड व्हता सुंदर. दर दिवाळीला मला विचारायचा, दादा, त्यो थोरला कुरणातनं आला असंल का वो? अन् मी त्याला समजावून सांगायचो, येईल म्हनून!"

शिवगंगा उठून चहाचं बघायला गेली. आप्पांनी बटणाचा तो रिमोट उचलला. "बंद करू का?" त्यांनी विचारलं.

"बंद कावून?" राधाकिशन म्हणाला. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, बैठक सोडून पुढं सरकला आणि खाली फरशीवर, टीव्हीला नाक लागेल इतका जवळ जाऊन बसला. "पहिल्यापासनं लाव. सुंदरनं जसा बघितला तसा बघू दे मला."

आप्पांनी भाग पुन्हा लावला. ह्या वेळी ते एक शब्दही बोलले नाहीत.